रसुवाला निघालेल्या भाचीस

चि. सोनू हीस,


परवा तुझ्या आईचा फोन आला. तुझी रजा मंजूर झाली आणि वैशाखात तू नेपाळला, रसुवा जिल्ह्यातल्या शाळेत शिकवायला निघालीस, हे कळलं. तिला धास्ती आहे ती थंडीची, घाटरस्त्याची, परमुलखात एकटीनं राहण्याची. मला त्यातलं काहीच वाटत नाही. ती माणसं तुला उपाशी ठेवणार नाहीत, आणि एकटं तर मुळीच सोडणार नाहीत. माझ्या मनात आहे ते वेगळंच. फोनवर ते नीट सांगता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

निवृत्त झाल्यावर २०१८ साली मी त्याच जिल्ह्यात, एका तामांग वस्तीच्या गावात सात महिने शिकवलं. परत आल्यावर तुम्हा सगळ्यांना फोटो दाखवले. बर्फाचे डोंगर, पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली घेतलेल्या बाया, शेंबडी गोड पोरं. त्या फोटोंत जे नव्हतं ते आता तुला सांगायला हवं.

शाळेची जुनी दगडी इमारत भूकंपात बसली होती. २५ एप्रिल २०१५, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. तो शनिवार होता. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून वर्ग रिकामे होते. गावातली प्रत्येक आई हे सांगते आणि सांगताना हात जोडते. याच जिल्ह्यातलं लांगटांग गाव त्या दिवशी वरून सुटलेल्या बर्फाच्या आणि दगडांच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं. मी गेले तेव्हा तीन वर्षं उलटली होती, तरी आमचे खालचे वर्ग बांबूच्या आणि पत्र्याच्या खोल्यांतच भरत. पाऊस लागला की पत्र्यावर असा ताशा वाजे, की मुलाच्या कानाशी तोंड नेल्याखेरीज शब्द पोचत नसे.

दुसरीच्या वर्गावर एक तरुण शिक्षिका होत्या. तिथं बाईंना ‘मिस’ म्हणतात, मीही त्यांना मिसच म्हणायची. गावातल्याच, तामांग, वय बावीस-तेवीस. नोकरी कायम नव्हती, पगार तुटपुंजा. सकाळी म्हशीचं गवत कापून, भात शिजवून, दहाच्या घंटेला त्या शाळेत हजर असत. हेडसरांनी माझी चौतीस वर्षांची नोकरी ऐकली आणि मोठ्या मानानं पहिली ते तिसरीचं गणित आणि इंग्रजी माझ्या हवाली केलं. मीही घेतलं. कुणाच्या हातून घेतलं, हे विचारलं नाही.

सोनू, पहिले दोन महिने मी फार आनंदात होते. शब्दपट्ट्या केल्या, हावभावाची गाणी घेतली, काड्यांचे गठ्ठे बांधले. पोरं नाचत होती. आईबाप खिडकीशी येऊन उभे राहत. मिस आधी माझ्याशेजारी उभ्या असायच्या, मग मागच्या बाकावर बसून वह्या तपासू लागल्या, मग ऑफिसात बसू लागल्या. मला वाटलं, बिचारीला तेवढीच उसंत.

एका संध्याकाळी मी धाऱ्यावर पाणी भरायला गेले. एक आई माझा हात धरून म्हणाली, ‘‘अहिले पो पढाइ राम्रो भयो, पहिले त केही थिएन.’’ आता कुठं शिकवणं चांगलं झालं, आधी तर काहीच नव्हतं. तिच्यामागे गाग्री घेऊन मिस उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी गाग्री धारेखाली लावली, ती भरेपर्यंत पाण्याकडे बघत राहिल्या, आणि उचलून चालू लागल्या. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

त्यानंतर काही दिवसांनी मला ताप आला. चार दिवस पडून होते. पाचव्या दिवशी जरा उशिरानं शाळेत गेले, तर दुसरीच्या खोलीतून हसण्याचा आवाज. दाराआड उभी राहिले. जमिनीवर बटाटे मांडले होते. दहा-दहांचे तीन ढीग आणि दोन सुटे. मिस तामांग भाषेत काही विचारत होत्या. पुस्तकातल्या उदाहरणात संत्री होती, आणि त्या उंचीवर संत्र्याचं झाड नाही. बटाटा मात्र प्रत्येकाच्या अंगणात. बत्तीसांतून पंधरा काढायचे होते. एक मुलगा उठला, एक ढीग उचलला, दुसरा ढीग हातानं विस्कटला, त्यातले तीन आणि सुटे दोन मिळून पाच बाजूला सारले, आणि उरलेले मोजून सतरा म्हणाला. मग मिसनी काही न विचारता, ढीग का फोडावा लागला हेही त्यानं बाकीच्यांना समजावलं. लांबलचक, हातवारे करून.

हा मुलगा दोन महिन्यांत माझ्यापाशी एक अक्षर बोलला नव्हता. हातचा घेऊन वजाबाकी मी त्याला आठ-दहा दिवस शिकवली होती. माझ्या टाचणवहीत त्याच्या नावापुढे मी शब्द लिहिला होता: अप्रगत.

आणि मी कोण? पेठ तालुक्याच्या पाड्यांवर जिची निम्मी नोकरी गेली ती. कोकणा बोलणाऱ्या पोरांना मराठी पुस्तक कळत नाही म्हणून ती ढ नव्हेत, हे वरच्या साहेबांना ओरडून सांगणारी. तीच मी परदेशात जाऊन तीच चूक करून बसले. आणि तिथं तर पोरांची भाषा बोलणारं माणूस वर्गातच होतं, आणि त्या माणसाला मीच मागच्या बाकावर ढकललं होतं.

यासाठी हे पत्र. त्या शाळेत तू जाशील आणि परत येशील. शिकवण्याचं खरं काम ज्यांना जन्मभर करायचं आहे ते तिथंच राहणार आहेत. त्यांच्या हातातला खडू घेऊ नकोस. त्यांच्या वर्गात, त्यांच्या शेजारी, त्यांना हवं ते कर. पट्ट्या कापायच्या तर काप, वह्या तपास, मागं पडलेल्या चार पोरांना घेऊन ओसरीत बस. त्यांना इंग्रजीचे उच्चार पक्के करायचे असतील तर संध्याकाळी चुलीपाशी करून घे, पोरांसमोर नको. गावकऱ्यांनी तुझी स्तुती केली तर तिथल्या तिथं सांग, की हे मिसनी शिकवलं, मी मदतीला होते. मी धाऱ्यावर हे एक वाक्य बोलायला हवं होतं.

बटाट्यांचा तो वर्ग पाहिला त्याच संध्याकाळी मी मिसच्या घरी गेले आणि म्हटलं, उद्यापासून वर्ग तुमचा, मी बाजूला बसते. त्या म्हणाल्या, ‘‘हुन्छ.’’ दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत वर्गात. ‘हुन्छ’ म्हणजे बरं, होईल. पण मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणूनही ते म्हणतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. घेतलेली जागा परत द्यायला एक महिना लागला. पुढचे महिने मात्र चांगले गेले. मिस बोलायच्या, मी पट्ट्या लिहायची. एका बाजूला नेपाळी शब्द, दुसऱ्या बाजूला तामांग शब्द, दोन्ही देवनागरीत. तामांग कसं लिहायचं यावर त्यांचा आणि हेडसरांचा वाद व्हायचा आणि मी ऐकत बसायची. नेपाळच्या राज्यघटनेनं प्रत्येक समाजाला मातृभाषेतून शिकण्याचा हक्क दिला आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथं १२४ भाषा नोंदल्या गेल्या. कागदावरचा तो हक्क दुसरीच्या वर्गात उतरवायचा तर तो मिसच उतरवू शकतात. तू नाहीस आणि मीही नाही.

तू म्हणशील, मग बाहेरच्यानं जावंच कशाला? जावं. पण बोलावल्यावर जावं. एडमंड हिलरींनी शेर्पांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू, तेव्हा त्यांनी शाळा मागितली, आणि १९६१ मध्ये खुमजुंगची शाळा उभी राहिली. तिथले पहिले शिक्षक दार्जिलिंगहून आणलेले शेर्पाच होते, पोरांची बोली बोलणारे. म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावचे महाबीर पुन अमेरिकेत शिकून गावी परतले, गावच्या शाळेसाठी झिजले, डोंगरमाथ्यांवरून बिनतारी इंटरनेट गावोगाव नेलं. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी स्वयंसेवक त्यांच्याकडेही आले, पण शाळा कुणाची आहे याबद्दल तिथं कुणाला शंका नव्हती.

म्हणून निघायच्या आधी एवढं शोधून काढ, की तुला बोलावलं कुणी. शाळेच्या व्यवस्थापन समितीनं की मधल्या संस्थेनं? संस्था तुझ्याकडून पैसे घेते आहे असं आई म्हणाली. घेऊ दे, पण त्यातले गावात किती आणि कुणाच्या हातात जातात ते लेखी माग. टाळाटाळ केली तर ती संस्था सोड. हेडसरांशी थेट बोल. त्यांना विचार, मी आले नाही तर काय अडेल. ते जे सांगतील तेच तुझं काम.

आणि काठमांडूत कुणी ‘अनाथाश्रमातल्या मुलांना शिकवा’ म्हणालं तर जाऊ नकोस. एक दिवसही नको. ही गोष्ट मी हात जोडून सांगते. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही, जिवंत असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून दुर्गम जिल्ह्यांतून मुलं आणायची, आणि परदेशी पाहुण्यांच्या दयेवर आश्रम चालवायचा, असा धंदा तिथं झालेला आहे. भूकंपानंतर युनिसेफनंही याबद्दल जाहीर इशारा दिला होता. लळा लावून पंधरा दिवसांनी निघून जाणारी माणसं त्या मुलांनी पुष्कळ पाहिली आहेत.

आता भाषेचं. तू मराठी आहेस म्हणून तुला एक मोठी सोय आहे. उतरल्यापासून प्रत्येक पाटी वाचता येईल. पण वाचता येतं म्हणजे कळतं असं नाही. पहिल्याच दिवशी मी ‘शिक्षा’ हा शब्द सरकारी पाटीवर पाहिला आणि थबकले. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी, कोंबडा, अंगठे धरून उभं राहणं. त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. तसंच ‘कोदो’. मला वाटलं कोद्रा. ताटात आलं ते पाहिलं तर आपली नागली! कोदोच्या पिठाचा ढिंडो खाल्लास की पेठची आठवण येईल तुला. ‘पानी पऱ्यो’ म्हणजे पाणी सांडलं नव्हे, पाऊस पडला. आणि रस्त्यात भेटलेलं माणूस ‘खाना खानुभयो?’ विचारील. ते आपल्या ‘जेवलीस का’सारखंच आहे. थांबून उत्तर दे.

मोठ्यांना ‘तपाईं’ म्हण. मुलांना ‘तिमी’ म्हण, ‘तँ’ नको. तो शब्द घरच्यांच्या तोंडी शोभतो. वयानं थोड्या मोठ्या बाईला दिदी, पुरुषाला दाइ, म्हातारीला आमा. हिंदीत बोललीस तरी सगळे समजून घेतील, पण तीच सवय लागेल. निघायच्या आधी महिनाभर नेपाळी शिक, आणि गावात पोचल्यावर तामांग शब्द पोरांकडूनच शिक. ‘फ्याफुल्ला’ म्हणजे त्यांचा नमस्कार. बाई आपल्यापाशी शिकते आहे आणि चुकते आहे, हे पोरांना एकदा दिसलं की ती तोंड उघडतात. माझं ते अबोल पोरगं पहिल्यांदा माझ्याशी बोललं ते माझा उच्चार सुधारण्यासाठी.

शाळेत पुस्तकं उशिरा येतील. त्यावरून हेडसरांना बोलू नकोस, त्यांनी वर दहादा विचारलेलं असतं. एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेसारखी सवय ठेव. मुलांचे वडील दिसणार नाहीत, पुष्कळसे आखातात किंवा मलेशियात कामाला आहेत. ‘बुवा कहाँ?’ असा प्रश्न भर वर्गात कुणालाही विचारू नकोस.

छडी दिसली तर? दिसेल. मी तिथं होते त्याच वर्षी, २०१८ मध्ये, नेपाळनं मुलांना मारणं घरीदारी कायद्यानं बंद केलं, दक्षिण आशियात सगळ्यांत आधी. तरी हात एका कायद्यानं आवरत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत माझ्याही टेबलावर छडी होती, आणि ती माझ्याकडून सुटली ती कुण्या पाहुण्यानं पोरांसमोर झापल्यामुळे नव्हे. शेजारच्या वर्गावरच्या बाई छडीशिवाय वर्ग शांत ठेवत होत्या, ते रोज दिसत होतं म्हणून सुटली. तू वर्गात तशी राहा. मुलाला खरोखर इजा होते आहे असं वाटलं तर मात्र गप्प बसू नकोस, हेडसरांच्या खोलीत जाऊन, दार लावून, स्पष्ट बोल.

चॉकलेटं, पेनं वाटू नकोस. शाळेला काही द्यायचं असेल तर हेडसरांच्या हाती दे, कपाटात राहील असं. मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकू नकोस. फाटका स्वेटर घातलेलं पोर तुला कळवळून दाखवावंसं वाटेल, पण उद्या ते पोर मोठं होऊन तो फोटो बघेल. आणि ‘पुढच्या वर्षी येईन’ असं जायच्या दिवशी कुणालाही सांगू नकोस, तिकीट हातात असल्याशिवाय. निरोपाची उपरणी, खादा, गळ्यात पडतात, पोरं रडतात, तोंडातून निघून जातं. माझ्या तोंडून निघालं. दोन वर्षं मिसचे मेसेज येत होते, तुम्ही कधी येणार विचारतात पोरं, म्हणून. मग २०२० मध्ये साथ आली, आणि मग माझे गुडघे गेले.

तुझे सहा महिने कमी नाहीत. तीन आठवड्यांसाठी जाणार असतीस तर मी जाऊच नको म्हटलं असतं. तुझ्या मुक्कामात असार महिन्याची १५ तारीख येईल, आपल्या जूनच्या अखेरीस. तो त्यांचा भातलावणीचा दिवस. दही-चिउरा खातात, म्हणजे आपले दहीपोहे. वरच्या गावात भात होत नसला तरी दही-चिउरा होतोच. खाली खोऱ्यातल्या शेतात कुणी नेलं तर चिखलात उतर. आवण लावायला तुला आजोळी शिकवलंच आहे. त्या एका दिवसात मला गावानं जितकं आपलं केलं तितकं सगळ्या गाण्यांनी मिळून केलं नव्हतं.

बाकी किरकोळ. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जाशील तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. तुझ्या वयाला आधार कार्ड चालत नाही. शाळेचं पत्र सोबत ठेव. आपले शंभर रुपये म्हणजे त्यांचे १६०, भाव ठरलेला आहे, हिशेब सोपा. तुझी शाळा अडीच हजार मीटरच्या खाली आहे, पण सुट्टीत गोसाईंकुंडाकडे चढलीस तर हळू चढ. डोकं ठणकलं, मळमळलं, की त्याला ते ‘लेक लागणं’ म्हणतात. हट्ट न करता खाली उतर. पावसाळ्यात जळवा चढतात, मिठाची पुरचुंडी खिशात असू दे. चुलीत कचरा टाकू नकोस, आणि उष्ट्याचा विधिनिषेध आपल्या आजीच्या घरासारखाच पाळ. सकाळी नऊलाच भरपेट डाळभात, मग दुपारी खाजा, मग रात्रीच जेवण. पहिला आठवडा पोट कुरकुरेल.

काठमांडूत माछापोखरीहून धुन्चेची बस सकाळी निघते, पहिलीच धर. त्रिशूलीच्या पुढं रस्ता फार हाडं खिळखिळी करतो आणि पावसात दरडी येतात. ड्रायव्हर थांबला तर घाई करू नकोस. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायला विसरू नकोस, नाहीतर पहिल्याच दिवशी घंटेला उशीर होईल.

माझ्या गावापासून तुझं गाव एका दिवसाच्या चालीवर असावं. जमलं तर एखाद्या शनिवारी जा. मिस आता कायम झाल्या आहेत, पाचवीपर्यंतचं गणित त्यांच्याकडे आहे. कात्री आणि जाड पुठ्ठा तुझ्या आईकडे दिला आहे, दोन्ही त्यांना दे. तिथली कात्री लवकर बोथट होते अशी त्यांची तक्रार असायची.

पोचल्यावर कळव. रेंज नसेल तर दोन दिवस वाट पाहीन.

तुझी,
मावशी